यादीतलं नाव, सीमेपलीकडचा माणूस

अमेरिकेच्या काही पासपोर्टांवर आतल्या बाजूला एक वाक्य छापलेलं असतं. धारकाला अल्पवयीन मुलाविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे, असा त्याचा मतलब. २०१७ च्या उत्तरार्धापासून हे छापणं सुरू झालं. खुनाची शिक्षा भोगून आलेल्याच्या पासपोर्टवर असं काही नसतं, ड्रग्जच्या व्यापाऱ्याच्याही नसतं. एवढ्या एकाच गुन्ह्यासाठी अमेरिकेनं आपल्याच नागरिकाच्या प्रवासाच्या कागदावर खूण करायचं ठरवलं. हा पासपोर्ट मुंबईच्या सहार विमानतळावर किंवा गोव्यात दाबोळीला काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर येतो, तेव्हा त्यानं काय करायचं, हे मात्र त्या वाक्यात लिहिलेलं नसतं. लैंगिक गुन्हेगारांच्या सीमापार नोंदणीचा सगळा प्रश्न त्या काउंटरपाशी सुरू होतो.

नोंदणीची कल्पना मुळात गल्लीपुरती होती. मिनेसोटातल्या जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाचं १९८९ मध्ये अपहरण झालं. त्याच्या नावाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि राज्यांना अशा गुन्हेगारांची नोंद ठेवणं भाग पडलं. त्याच वर्षी न्यू जर्सीत मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी समोरच्याच घरात राहणाऱ्या माणसानं मारली. त्याला आधी दोनदा शिक्षा झालेली होती आणि गल्लीत कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’नं पोलिसांकडची माहिती शेजाऱ्यांसाठी खुली केली. पुढे २००६ मध्ये अ‍ॅडम वॉल्श या अपहरण होऊन मारल्या गेलेल्या मुलाच्या नावाच्या कायद्यानं राज्याराज्यांच्या यादीला एक सारखा साचा दिला. आपल्याकडे पोलीस ठाण्यात हिस्ट्रीशीटरची फाइल असते, तिचाच हा प्रकार. फक्त ही फाइल सगळ्या गावासाठी उघडी. न्यू जर्सीत घर घ्यायला निघालेलं मराठी कुटुंब शाळेचं रेटिंग बघतं, तशी ही वेबसाइटही बघतं. साडेसात लाखांहून अधिक नावं आज त्या याद्यांवर आहेत.

गल्लीची यादी राज्याची झाली, राज्याची देशाची झाली आणि देशाच्या कडेला येऊन थांबली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१० मध्ये एक आकडा समोर ठेवला: २००८ च्या एका आर्थिक वर्षात सुमारे ४,५०० नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना पासपोर्ट दिले गेले होते. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. ओहायोतल्या शाळेपासून ठरावीक अंतरावर राहायला ज्याला बंदी, तो मनिलाच्या वस्तीत खोली भाड्यानं घेऊ शकत होता. स्वतःच्या मुलांना जपायचं आणि दुसऱ्यांच्या मुलांकडे पाठ फिरवायची, असं त्या व्यवस्थेचं रूप होतं. कुणी मुद्दाम तसं केलेलं नव्हतं, पण परिणाम तोच.

न्यू जर्सीचेच खासदार ख्रिस स्मिथ यांनी काही वर्षं चिकाटीनं रेटलेला ‘इंटरनॅशनल मेगन्स लॉ’ अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ओबामांच्या सहीनं मंजूर झाला. त्याचं कामकाज समजून घेण्यासारखं आहे. नोंदणीकृत माणसानं परदेशी जाण्याआधी एकवीस दिवस आपल्या भागातल्या अधिकाऱ्याला तारीख, विमान, मुक्काम कळवायचा. न कळवणं हाच गुन्हा. दुसरीकडे ‘एंजल वॉच सेंटर’ नावाचा कक्ष विमान कंपन्यांकडून येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या गुन्हेगारांच्या नोंदीशी ताडून पाहतो. नाव जुळलं की ज्या देशात तो चालला आहे तिथल्या यंत्रणेला सूचना जाते: अमुक माणूस, अमुक विमान, अमुक गुन्ह्याची शिक्षा. सूचना एवढ्यावर संपते. ‘अडवा’ असं ती म्हणत नाही, म्हणू शकतही नाही. कुणाला आत घ्यायचं हा ज्या त्या देशाचा अधिकार. फिलिपिन्सचं इमिग्रेशन खातं अशा सूचनांवर नियमितपणे प्रवाशांना परतीच्या विमानात बसवतं आणि तसं जाहीरही करतं. तिथे सूचना वाचायला माणूस बसलेला आहे. जिथे तो नाही, तिथे तीच सूचना कुठल्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहते आणि प्रवासी टॅक्सी धरून निघून गेलेला असतो.

पासपोर्टवरच्या खुणेपेक्षा मला ही सूचनेची पद्धत जास्त कामाची वाटते. खूण सगळ्यांना दिसते: हॉटेलच्या रिसेप्शनिस्टला, बँकेतल्या कारकुनाला. ज्याला ती दिसायला हवी, त्या मुलाच्या आईला मात्र ती कधीच दिसत नाही.

ऑस्ट्रेलियानं वेगळा रस्ता धरला. एकेकाळचे पत्रकार असलेले सिनेटर डेरिन हिंच यांनी आवाज उठवला. परराष्ट्रमंत्री ज्युली बिशप यांनी मे २०१७ मध्ये घोषणा केली तेव्हा सांगितलेले आकडे असे होते: नोंदणीकृत बाललैंगिक गुन्हेगार सुमारे वीस हजार, त्यांपैकी सुमारे आठशे जण आदल्या वर्षी परदेशी जाऊन आले, त्यातले निम्मे आग्नेय आशियात. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून कायदा लागू झाला: ज्याच्यावर पोलिसांकडे हजेरी लावण्याचं बंधन आहे, त्याला पासपोर्टच नाही. असलेला रद्द. परवानगीशिवाय देशाबाहेर पडणं हाही गुन्हा. इतक्या सरसकटपणे हे करणारा हा जगातला पहिला देश. यात एक सरळपणा आहे हे मान्य करायला हवं. आमचा धोकादायक माणूस आम्हीच सांभाळू, तुमच्या दारात सोडून चिठ्ठी पाठवणार नाही, असं हा कायदा म्हणतो. पण आईच्या अंत्यविधीला जायचं असलं तरी अर्ज करा, आणि वीस वर्षांपूर्वी एकोणिसाव्या वर्षी चूक केलेला माणूस आणि सराईत भक्षक एकाच रांगेत उभे, हा त्याचा दुसरा चेहरा.

ब्रिटन या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि त्याचा इतिहास पळवाटा बुजवण्याचा इतिहास आहे. सुरुवातीला आठ दिवस किंवा त्याहून मोठा परदेश दौरा असेल तरच कळवायचं होतं. मग ती मर्यादा तीन दिवसांवर आली. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परतणाऱ्याला मात्र मोकळं रान राहिलं, म्हणून २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक परदेशवारी कळवणं सक्तीचं झालं. शिवाय धोका दिसला तर न्यायालय पाच वर्षांपर्यंत परदेशबंदी घालू शकतं.

ब्रिटनच्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद मात्र उलट दिशेची आहे. परदेशात शिक्षा होऊन आलेल्या माणसाला तिथलं न्यायालय देशात शिरल्यावर नोंदणी करायला लावू शकतं. पॉप गायक गॅरी ग्लिटर हे त्याचं गाजलेलं उदाहरण. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये शिक्षा, २००२ मध्ये कंबोडियातून हकालपट्टी, २००६ मध्ये व्हिएतनाममध्ये दोन लहान मुलींच्या प्रकरणी तुरुंग. ऑगस्ट २००८ मध्ये सुटल्यावर तो बँकॉकला उतरला, तर थायलंडनं आत घेतलं नाही. हाँगकाँगनंही परत पाठवलं. तीन दिवस आशियाच्या विमानतळांवर भटकून तो हीथ्रोला आला आणि व्हिएतनामच्या शिक्षेच्या आधारावर पोलिसांच्या नोंदवहीत बांधला गेला. या एका प्रवासात सगळं दिसतं. प्रत्येक देशानं त्याला आपल्या हद्दीबाहेर काढण्यात धन्यता मानली. आपल्याकडे गुंडाला तडीपार केलं की तो शेजारच्या जिल्ह्याला तापदायक होतो, आणि हे दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांना ठाऊक असतं. इथे फक्त जिल्ह्याच्या जागी देश होते. ही साखळी तुटली ती शेवटच्या देशानं त्याला नुसतं घेतलं नाही, तर नोंदवलं म्हणून.

युरोपातला धडा याहून जड आहे. मिशेल फुर्निरे याला १९८७ मध्ये फ्रान्समध्ये मुली-स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा झाली. सुटल्यावर काही वर्षांनी तो सीमा ओलांडून बेल्जियममध्ये राहायला गेला आणि तिथे त्याला शाळेशी संबंधित काम मिळालं. दोन देशांची भाषा एक, सीमेवर फाटकही नाही, आणि तरी फ्रान्सच्या शिक्षेचा कागद बेल्जियमपर्यंत पोचला नव्हता. जून २००३ मध्ये एक मुलगी त्याच्या गाडीतून निसटली, म्हणून तो सापडला; मागे अनेक खून होते. बेल्जियमनं लगेच युरोपीय संघापुढे प्रस्ताव ठेवला, की मुलांसोबत काम करायला एका देशानं घातलेली बंदी सगळ्यांनी मानावी. त्यातून पुढे गुन्ह्यांच्या नोंदींची देवाणघेवाण करणारी संगणकीय व्यवस्था उभी राहिली आणि २०११ च्या निर्देशानं मुलांशी संबंधित नोकरीच्या वेळी मालकाला ही नोंद मागण्याचा हक्क दिला. पासपोर्ट तपासणारंच कुणी नसलेल्या शेंगेन प्रदेशात सीमेवर पहारा ठेवून उपयोग नाही, हे युरोपनं ओळखलं आणि पहारा शाळेच्या दारात नेला. माझ्या मते या सगळ्या प्रयोगांतला हा सर्वांत शहाणा.

या सगळ्या व्यवस्था एका गृहीतकावर उभ्या आहेत, की माणूस आधी एकदा पकडला गेला आहे. रिचर्ड हकल पकडला गेलेला नव्हता. हा इंग्लंडचा पोरगा विशीच्या आसपास मलेशियात गेला, चर्चमध्ये जाणारा, इंग्रजी शिकवणारा, फोटो काढणारा म्हणून क्वालालंपूरच्या गरीब वस्तीत मिसळला आणि वर्षानुवर्षं तिथली मुलं नासवत राहिला. डार्क वेबवर ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या नजरेस पडला. डिसेंबर २०१४ मध्ये गॅटविक विमानतळावर अटक, जून २०१६ मध्ये बावीस जन्मठेपा. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मलेशियानं पुढच्याच वर्षी मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा केला. न्यूयॉर्क राज्यातल्या अटकांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की लैंगिक गुन्ह्यांत पकडलेल्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जणांवर त्याआधी अशा गुन्ह्याची शिक्षाच नव्हती. त्याच वर्षी न्यू जर्सीत, म्हणजे मेगनच्याच राज्यात, झालेल्या अभ्यासाला त्या कायद्यामुळे पुन्हा गुन्हे घडणं कमी झाल्याचं दिसलं नाही. प्रेस्कॉट आणि रॉकऑफ या दोघांनी २०११ मध्ये अधिक बारकाईनं पाहिलं: पोलिसांकडची नोंदणी थोडा फरक पाडते, पण यादी जगजाहीर केली की ज्याला घर नाही, नोकरी नाही, असा माणूस उलट पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते. यादी पोलिसांच्या हातात असावी की पानवाल्याच्या, या वादात हा निष्कर्ष फार कमी वेळा ऐकू येतो.

आता आपल्या दारात येऊ. कारण या प्रश्नात भारत प्रामुख्यानं पाहुण्यांचा देश आहे, आणि त्यातही गोवा-महाराष्ट्राची किनारपट्टी.

एप्रिल १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स पकडला गेला. ‘गुरुकुल’ नावाचं अनाथाश्रमासारखं घर तो चालवायचा. गावात त्याला मान होता. त्याच्या घरातून मुलांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रं आणि निगेटिव्हच्या पट्ट्या मिळाल्या. त्या छायाचित्रांत परदेशी पाहुणे होते, निरनिराळ्या देशांचे. खटला रेंगाळणार अशीच चिन्हं होती. पत्रकार शीला बारसे यांनी तो सोडला नाही. मार्च १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेप झाली. तुरुंगातच २००५ मध्ये तो मेला. पण छायाचित्रांतल्या पाहुण्यांचं काय? त्यांना परत आणायच्या प्रत्यार्पणाच्या कारवाया वर्षानुवर्षं चालल्या. काही आले, काही आलेच नाहीत. एका ब्रिटिश नागरिकाला पाठवायला तिथल्या न्यायालयानं २०१४ मध्ये त्याच्या मानसिक अवस्थेच्या कारणावरून नकार दिला. तोवर अटकेला तेवीस वर्षं झाली होती. जे आले नाहीत, त्यांची गोव्यातली करणी त्यांच्या देशातल्या कुठल्या नोंदवहीत कशी चढणार?

गोव्यानं धडा घेतला हे मात्र खरं. २००३ चा गोवा बालक कायदा वाचला तर पीट्सच्या घराची छाया त्याच्या कलमांवर पडलेली दिसते. फोटो धुणाऱ्या स्टुडिओला मुलांचं अश्लील चित्र आढळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. कुटुंबीय वा रक्ताच्या नात्यातल्या माणसाबरोबर नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश नाही. विमानतळ, रेल्वे, वाहतूक पोलीस यांना संशयास्पद रीतीनं मुलासोबत फिरणाऱ्या प्रौढाची खबर देण्याचं कर्तव्य. फोटो धुणारे स्टुडिओ आता उरले नाहीत. पण हॉटेलचं कलम आजही एखाद्या चांगल्या यादीइतकं कामाचं आहे, कारण ते माणसाचं नाव विचारत नाही.

मुंबईची गोष्ट अधिक जवळून पाहायला हवी. डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स हे ब्रिटिश गृहस्थ, नौदलाची पार्श्वभूमी असलेले. ग्रँटनं १९९५ च्या सुमारास रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज शेल्टर्स’ सुरू केलं: कुलाबा, कफ परेड आणि रायगड जिल्ह्यात मुरूडला. वॉटर्स येऊन-जाऊन असायचा. जेवण, कपडे, निवारा, इंग्रजी बोलणारे प्रेमळ साहेब. परदेशी माणूस आपल्या पोरांसाठी एवढं करतो म्हटल्यावर शंका घेणारा माणूसच कृतघ्न ठरतो. या धंद्याचं सगळं भांडवल आपल्या या भाबडेपणात आहे. २००१ मध्ये चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीकडे तक्रारी पोचल्या, लेखिका मेहेर पेस्तनजी आणि इतरांनी पाठपुरावा केला, उच्च न्यायालयानं लक्ष घातलं. तोवर दोघेही देशाबाहेर होते. वॉटर्स २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर सापडला आणि प्रत्यार्पण होऊन आला. ग्रँट २००५ मध्ये इथे येऊन हजर झाला. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा तेव्हा जन्माला यायचा होता. मुलग्यांवरच्या अत्याचारासाठी भारतीय दंड विधानाचं कलम ३७७ आणि बालन्याय कायदा एवढंच हाताशी. मुलांनी उभं राहून साक्ष दिली. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सहा वर्षं सक्तमजुरी आणि प्रत्येकी वीस हजार पौंड दंड ठोठावला.

जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. चाइल्डलाइन आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांनी मार्च २०११ मध्ये सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली आणि उरलेली भोगायला लावली. तक्रारीपासून दहा वर्षं. यातला जुलै २००८ ते मार्च २०११ हा काळ डोळ्यांसमोर धरा. त्या अडीच वर्षांहून जास्त काळात कायद्याच्या लेखी हे दोघे निष्कलंक होते. जगातली कोणतीही नोंदवही, कितीही आधुनिक, त्यांच्याविषयी एक अक्षर सांगू शकली नसती. एंजल वॉचनं याद्या ताडल्या असत्या, काही जुळलं नसतं. आमची मुंबईची पोरं जे न्यायालयात सांगून बसली होती, ते एका निकालानं शून्य झालं होतं.

त्याआधीचं मालाडकडचं स्विस दांपत्याचं प्रकरणही असंच. डिसेंबर २००० मध्ये दोघं मुलींची अश्लील छायाचित्रं काढताना सापडली. सत्र न्यायाधीश मृदुला भाटकर यांनी मार्च २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. वर गेल्यावर नुकसानभरपाईच्या बदल्यात शिक्षा कमी झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि दांपत्य देश सोडून गेलं.

सीमापार नोंदणीवरच्या परिषदांमध्ये तंत्रज्ञानाची भाषा फार होते: डेटाबेस जोडा, बायोमेट्रिक्स वापरा. पण यादीत नाव चढायला आधी शिक्षा व्हावी लागते आणि शिक्षा टिकावी लागते. पर्यटकांचे देश आपले गुन्हेगार नोंदवण्यात कुशल आहेत, कारण त्यांच्याकडे खटले तुलनेनं लवकर संपतात. यजमान देशांत खटला दहा वर्षं चालतो, साक्षीदार मुलं तोवर पंचविशीची होतात, संसाराला लागतात, नव्या शहरात जातात, जबाब फिरतात. परिणामी यजमान देशात केलेला गुन्हा कुठल्याच यादीत येत नाही आणि तोच माणूस पुढच्या देशात कोऱ्या पाटीनं उतरतो. सीमेपलीकडच्या नोंदवहीतली पोकळी अलीकडच्या कोर्टातून सुरू होते. बालकांसाठीची विशेष न्यायालयं, मुलाची साक्ष लवकर आणि एकदाच नोंदवणं, सरकारी वकिलाची तयारी, हे कंटाळवाणे विषय आहेत. पण जगातल्या सगळ्या याद्या त्यांच्यावर उभ्या आहेत.

आपली स्वतःची यादीही आहे. कठुआतल्या लहान मुलीवरच्या अत्याचार आणि खुनानंतरच्या संतापात फौजदारी कायदे कडक झाले आणि २० सप्टेंबर २०१८ रोजी राजनाथ सिंह यांनी लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय डेटाबेसचं उद्घाटन केलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग तो चालवतो, फक्त पोलिसांना तो दिसतो, आणि सुरुवातीलाच त्यात ४.४ लाख नोंदी होत्या. लोकांसाठी खुला ठेवला नाही हे शहाणपणाचं झालं. आपल्याकडे अशी यादी उघडी टाकली तर जमाव काय करील हे सांगायला नको. मात्र बलात्कार, पोक्सो आणि छेडछाड एकाच पोत्यात घातल्यानं धोका नेमका कुठे आहे हे त्यातून कळत नाही. आणि ती आपल्याच पोलीस ठाण्यांच्या कागदांची यादी आहे. परदेशात मुलांवरील गुन्ह्यात शिक्षा भोगून हद्दपार होऊन आलेल्या भारतीय नागरिकाला इथे नोंदणी करायला, पत्ता कळवायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटननं ग्लिटरला जे केलं ते आपण आपल्या माणसाला करू शकत नाही. भारतीयानं परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवता येतो खरा, पण त्याला केंद्राची परवानगी लागते, आणि तो मार्ग कुणी सहसा चालत नाही.

येणाऱ्यांच्या बाबतीत आपला भरवसा व्हिसाच्या अर्जावर आहे. ई-व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो: मानवी तस्करी, बालकांवरील अत्याचार, स्त्रियांवरील गुन्हे यांत तुमचा कधी सहभाग होता का? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. आयुष्यभर खोटं बोलण्यात मुरलेला माणूस ‘नाही’वर टिचकी मारतो. ओसीआय कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला तर दर वेळी व्हिसा लागतही नाही. ‘आपला माणूस, विलायतेहून आलेला’ म्हणून त्याला जे स्वागत मिळतं, ते तर गोऱ्या पर्यटकालाही मिळत नाही. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तर ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकेल असं केंद्रानं २०२५ मध्ये जाहीर केलं. पण ती शिक्षा झाल्याचं तिकडून कळवणार कोण, हा प्रश्न त्यात सुटलेला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि तो गुन्हेगारांची कड घेणाऱ्यांचा आहे असं समजून झटकून टाकता येत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, की आयुष्यभराची नोंदणी, आणि पुनर्विचाराची सोयच नाही, हे मानवी हक्कांशी विसंगत आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये प्रत्येकाची सरसकट सक्तीची नोंदणी रद्द ठरवली, कारण ज्याच्याकडून पुन्हा धोका नाही त्याला यादीत टाकून मुलं सुरक्षित होत नाहीत. मला हा युक्तिवाद व्यवहाराच्या अंगानंच पटतो. सूचना पाठवणाऱ्यानं रोज शंभर नावं पाठवली, की घेणारा एकही नीट वाचत नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत अल्पवयातच गुन्हा केलेलेही आयुष्यभर यादीवर आहेत. यादी लांबली की ती बोथट होते.

आणि आता तर सीमा ओलांडायचीही गरज राहिलेली नाही. युरोपातल्या फ्लॅटमध्ये बसून फिलिपिन्समधल्या खोलीत चाललेला अत्याचार पैसे देऊन थेट पाहणारा माणूस पासपोर्ट काढतच नाही. इंटरपोलच्या प्रतिमांच्या डेटाबेसला सीबीआय २०२२ मध्ये जोडली गेली, महाराष्ट्र सायबरनं ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’मध्ये अशा चित्रफिती पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये अशी सामग्री बाळगणंही गुन्हाच असल्याचं ठरवलं. २००७ मध्ये इंटरपोलनं एका माणसाचा भोवऱ्यासारखा फिरवून ओळखू न येणारा केलेला चेहरा जर्मन पोलिसांकडून सरळ करून घेतला आणि जगापुढे ठेवला. दक्षिण कोरियात शिकवणारा तो कॅनेडियन शिक्षक अकरा दिवसांत थायलंडमध्ये सापडला. तिथे कुठली नोंदवही नव्हती; चित्र होतं आणि ते वाचणारी माणसं होती.

आणखी एक गोष्ट, जी या विषयावर लिहिताना सोयीस्करपणे विसरली जाते. आपल्याकडे पोक्सोच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: काका, शेजारी, शिकवणीचा सर. एकपॅट या संस्थेच्या २०१६ च्या जागतिक अहवालानंही सांगितलं, की प्रवासात मुलांचं शोषण करणाऱ्यांत परदेशी गोऱ्या पर्यटकापेक्षा त्याच देशातले, शेजारच्या प्रदेशातले प्रवासी जास्त असतात. गोव्याला शनिवार-रविवारी जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्याही त्या हिशेबात आल्या. सीमापार यादीवर लक्ष केंद्रित केलं की आपण सगळे आपोआप सज्जन ठरतो, ही त्या यादीची एक अडचण आहे.

म्हणून हाताशी असलेली साधनं पाहिली तर ती फारशी दिपवणारी नाहीत. २०२० च्या पोक्सो नियमांनी शाळा, वसतिगृहं, क्रीडा प्रबोधिनी, पाळणाघरं अशा सगळ्या संस्थांना प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायला आणि ती ठरावीक काळानं पुन्हा करायला लावलं आहे. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या बालअत्याचाराच्या घटनेनंतर ‘पडताळणी झाली का?’ हा प्रश्न पालकसभेत विचारला जाऊ लागला. पण ही पडताळणी इथल्या पोलिसांच्या कागदांपुरती. महिनाभर ‘सेवा’ करायला येणारा परदेशी स्वयंसेवक तिच्यातून सहज निसटतो, कारण तो पगारी कर्मचारी नसतो आणि देणगी आणणारा असतो. ब्रिटनमध्ये याच कामासाठी एक प्रमाणपत्र मिळतं. परदेशात मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्या ब्रिटिश माणसाची तिथल्या पोलीस आणि गुप्तवार्ता नोंदींतून तपासणी करून ते दिलं जातं, आणि आशियातल्या अनेक आंतरराष्ट्रीय शाळा ते मागतात. श्रीमंतांच्या शाळा मागतात. कर्जतच्या आश्रमशाळेनं, मुरूडच्या बालगृहानं, पालघरच्या वसतिगृहानं ते मागावं, न आणणाऱ्याला मुलांच्या खोलीपर्यंत जाऊ देऊ नये आणि त्याच्या देणगीचा चेक परत करावा, असा एक साधा शासन निर्णय महिला व बालविकास खातं काढू शकतं. त्याला ना डेटाबेस लागतो, ना दुसऱ्या देशाची संमती.